‘टाइम ट्रॅव्हलर’: सहांपैकी उरला एकच भाग

जपानच्या ‘एनएचके’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १ जानेवारी १९७२ रोजी, शनिवारी सायंकाळी, शाळकरी मुलांसाठी एक नवी मालिका सुरू केली. ‘टाइम ट्रॅव्हलर’ हे तिचे नाव. अर्ध्या-अर्ध्या तासाचे अवघे सहा भाग. ५ फेब्रुवारीला ती संपलीही. जपानी दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेचा इतिहास लिहिताना या मालिकेला वगळता येत नाही. मात्र ती सलग पाहण्याची सोय आज कोणालाच, खुद्द एनएचकेलाही, उरलेली नाही. पहिल्या पाच भागांचे चित्रण पुसले गेले आणि शेवटचा भाग वाचला तो एका प्रेक्षकामुळे.

मालिकेचा आधार होती यासुताका त्सुत्सुई यांची ‘तोकी ओ काकेरू शोजो’, म्हणजे ‘काळातून झेपावणारी मुलगी’, ही लघुकादंबरी. १९६५-६६ मध्ये ती विद्यार्थ्यांच्या मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. काझुको योशियामा ही शाळकरी मुलगी वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळेची साफसफाई करीत असताना तिला लव्हेंडरचा गंध येतो आणि ती बेशुद्ध पडते. त्यानंतर एका अपघाताच्या क्षणी ती आदल्या दिवसात जाऊन पडते. या साऱ्याचे मूळ तिचा वर्गमित्र काझुओ फुकामाची याच्यापाशी असते. तो भविष्यकाळातून आलेला केन सोगोरू असतो. परत जाताना तो आपली आठवण सर्वांच्या मनातून पुसून टाकतो, काझुकोच्याही. मागे राहते ती लव्हेंडरच्या गंधाने जागी होणारी एक अस्पष्ट हुरहुर.

तोरू इशियामा यांनी या छोट्या कथेचा विस्तार करून पटकथा लिहिली. काझुकोची भूमिका जुन्को शिमादा या अभिनेत्रीने केली. पुढे ती मायुमी आसानो या नावाने ओळखली गेली. फुकामाचीच्या भूमिकेत कियोशी किनोशिता होता. निवेदन तात्सुया जो यांचे होते. ‘जेट स्ट्रीम’ या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमामुळे त्यांचा आवाज जपानमध्ये घरोघरी परिचित होता. मुलांच्या मालिकेसाठी असा प्रौढ, संथ आवाज निवडण्यातच निर्मात्यांची दृष्टी दिसते. प्रेक्षकांना बालिश समजायचे नाही, हे त्यांनी आधीच ठरवले असावे.

प्रतिसाद इतका उत्तम मिळाला की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच भागांची उत्तरकथा प्रसारित झाली. ती त्सुत्सुईंची नव्हे, इशियामांची स्वतंत्र रचना होती आणि त्यांनी नंतर तिची कादंबरीही लिहिली. ‘टाइम ट्रॅव्हलर’पासून सुरू झालेली एनएचकेची ‘शोनेन ड्रामा’ ही किशोर-नाट्यांची मालिका १९८३ पर्यंत चालली आणि तीत सुमारे शंभर कथानके सादर झाली.

मग हे चित्रण गेले कोठे? ते जळाले नाही, चोरीस गेले नाही की गहाळही झाले नाही. त्यावर दुसरे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित केले गेले. त्या काळी स्टुडिओत दोन इंच, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर, रुंदीची चुंबकीय टेप वापरली जात असे. ती अतिशय महाग होती. पुसून पुन्हा वापरता येणे हाच फिल्मच्या तुलनेत तिचा मोठा गुण मानला जाई. प्रसारण झाले की कार्यक्रमाचे काम संपले, टेप मात्र पुढच्या कामाला मोकळी, असा तो हिशेब होता. फार तर एखादे पुनःप्रसारण, एवढेच त्या काळी कार्यक्रमाचे पुढचे आयुष्य मानले जाई. वीस-तीस वर्षांनी लोक तो विकत घेऊन घरी पाहतील, ही कल्पना तेव्हा कोणी केली नव्हती. त्यामुळे हा निर्णय घेणाऱ्यांना सरसकट बेफिकीर म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या संस्थेने आपल्या निर्मितीचा एखादा नमुनाही जाणीवपूर्वक राखू नये, हे आज खटकतेच.

या पुसापुशीची झळ केवळ मुलांच्या कार्यक्रमांना बसली असे नाही. एनएचकेच्या प्रतिष्ठित वार्षिक ऐतिहासिक मालिकांपैकी पहिली, १९६३ ची ‘हाना नो शोगाई’, हिचाही केवळ पहिला भाग शिल्लक आहे. ‘ह्योक्कोरी ह्योतान्जिमा’ ही बाहुल्यांची मालिका १९६४ ते १९६९ या काळात १,२२४ भाग चालली. त्यांतील अवघे आठ भाग हाती उरले.

‘टाइम ट्रॅव्हलर’चा अखेरचा भाग वाचला तो घरगुती मुद्रणामुळे. बीटामॅक्स बाजारात आली १९७५ मध्ये आणि व्हीएचएस १९७६ मध्ये. १९७२ साली घरी कार्यक्रम मुद्रित करायचा तर उघड्या रिळांचे यंत्र लागे, आणि ते फार थोड्यांच्या घरी असे. अशा एका प्रेक्षकाने ५ फेब्रुवारीचा भाग टिपून ठेवला. तो कालांतराने पुढे आला आणि डीव्हीडीवरही उपलब्ध झाला. योगायोग असा की फुकामाची आपली ओळख सांगून निरोप घेतो तो हाच भाग. त्याच्याविषयीच्या आठवणी पुसल्या जाण्याचा प्रसंग तेवढा टिकला. ज्या भागांत त्या आठवणी घडल्या, ते गेले.

कथा मात्र मागे पडली नाही. १९८३ मध्ये नोबुहिको ओबायाशी यांनी तोमोयो हारादाला घेऊन ओनोमिची या बंदराच्या गावात तिचा चित्रपट केला. २००६ मध्ये मामोरू होसोदा यांच्या अॅनिमेशनपटात नव्या नायिकेची मावशी म्हणून काझुको पुन्हा भेटली. पडद्यावरच्या या साऱ्या काझुकोंमधली पहिली तेवढी आता जवळजवळ दिसेनाशी झाली आहे.

एनएचकेने १९८० च्या दशकाच्या आरंभापासून कार्यक्रमांचे पद्धतशीर जतन सुरू केले आणि २००३ मध्ये कावागुची येथे संग्रहालय उभारले. जुन्या कार्यक्रमांच्या शोधासाठी संस्थेने स्वतंत्र मोहीमही हाती घेतली. माळ्यावर, कपाटात एखादी जुनी टेप पडली असेल तर कळवावे, असे आवाहन तीत प्रेक्षकांना, कलावंतांना आणि निवृत्त कर्मचाऱ्यांना केले जाते. टेपवरचे लेबल पुसट झाले असले तरी ती टाकून देऊ नये, कारण आत काय आहे हे यंत्रावर लावल्याशिवाय कळत नाही.