कामोंदोंची हवेली

पॅरिसमध्ये मोंसो उद्यानाला लागून एक हवेली आहे. आज तिथे जाऊ. प्रवेशाजवळच्या भिंतीवर एक पाटी आहे; ती मात्र परत निघताना वाचू.

हवेलीचे धनी मोईझ द कामोंदो. जन्म १८६०, इस्तंबूलचा. घराणं ज्यू पेढीवाल्यांचं. मोईझ लहान असतानाच कुटुंब पॅरिसला आलं. पुढे त्यांना वेड लागलं ते अठराव्या शतकातल्या फ्रेंच कलेचं. वडिलोपार्जित घर पाडून १९११ ते १९१४ या काळात त्यांनी रने सर्जाँ या वास्तुशिल्पज्ञाकडून नवं बांधून घेतलं. नमुना व्हर्सायच्या 'पती त्रियानों' या छोट्या राजप्रासादाचा.

आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. जुन्या वाड्यांतून आणलेलं लाकडी नक्षीकाम. लूव्रच्या लांबलचक दालनासाठी चौदाव्या लुईच्या काळात विणलेला गालिचा. पक्षी रंगवलेली सेव्रची भांडी. रशियाच्या कॅथरीन राणीनं घडवून घेतलेल्या चांदीच्या संचातले नग. थाट राजेशाहीचा, पण लिफ्ट आणि स्वयंपाकघर पाहावं तर अगदी नव्या जमान्याचं!

बाहेरून आलेल्या माणसानं एवढा खटाटोप का केला असेल? नुसती हौस म्हणून? मला वाटतं, 'आम्ही इथलेच' हे ते घर न बोलता सांगत होतं.

हे सारं मुलासाठी होतं. तो निसीम पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या हवाई दलात होता. सप्टेंबर १९१७ मध्ये तो आकाशातल्या चकमकीत कामी आला. वारस गेला. मोईझनी मृत्युपत्रात हवेली संग्रहासकट फ्रान्सला दिली. अट एवढीच, की नाव मुलाचं असावं आणि मांडणी होती तशीच राखावी. १९३५ मध्ये ते वारले. १९३६ मध्ये संग्रहालय उघडलं.

मागे राहिली मुलगी बेआत्रीस. भाऊ देशासाठी गेलेला, बापानं घरदार देशाला दिलेलं. पण जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर, १९४२ च्या अखेरीला तिला अटक झाली. त्या कामात फ्रेंच सरकारही जर्मनांच्या साथीला होतं. ती, मुलं फानी आणि बेर्त्राँ, मुलांचे वडील लेआँ रेनाक, चौघांनाही आउश्वित्झला पाठवलं गेलं. एकही परतलं नाही. मोईझचा वंश तिथे संपला.

त्या युद्धातून हवेलीतला संग्रह मात्र सुखरूप राहिला.

आता ती पाटी वाचू. तिच्यावर याच चौघांची नावं आहेत.