मुकुट ईथरे
सोडियम, पोटॅशियम यांचे आयन कार्बनी लिगंडांना (धातूशी जोडल्या जाणाऱ्या रेणूंना) सहसा दाद देत नसत. १९६०–७० या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत चार्ल्स जे. पेडरसन हे व्हॅनेडियमासाठी लिगंड तयार करीत असता, विक्रियाकारकातील कॅटेचॉल या अशुद्धीमुळे जेमतेम ०·४ टक्के पांढरे स्फटिक मिळाले. ते टाकून न देता त्यांनी तपासले, हे विशेष होय. मेथॅनॉलात ते फारसे विरघळत नसत; सोडियमाचे लवण मिसळताच विरघळत. १८ अणूंच्या वलयातील ६ ऑक्सिजन अणू आयनाला मध्यभागी धरून ठेवतात. पोटॅशियमाचा आयन त्या पोकळीत अधिकच चपखल बसतो. हे संशोधन १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्रिमितीय पोकळीचे रेणू घडविणारे झां-मारी लेन व डॉनल्ड क्रॅम यांच्यासमवेत पेडरसन यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डॉक्टरेट मात्र त्यांनी कधीच घेतली नव्हती.