गाठी गेल्या त्या वाटेने

आमच्या कारंज्याच्या घरात देवघराच्या भिंतीला एक पत्रा टांगलेला आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, कडांनी गंजलेला. त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे कापून काढलेले आहेत. उजेडाकडे धरला की समोरच्या भिंतीवर अक्षरं उमटतात. हा माझ्या आजोबांचा पत्रा. ते गावातल्या एका जिन-प्रेसमध्ये कामाला होते. रुई दाबून, पट्ट्या आवळून चारशे पौंडांची गाठ बाहेर आली की तिच्यावर हा पत्रा धरायचा आणि काळ्या शाईचा बोळा फिरवायचा. 1925 च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली याची खूण आणि नंबर घालणं सक्तीचं झालं होतं. आजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण नंबर चुकला तर गाठ परत येते आणि मजुरी कापली जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाठ कुठे जाते, असं आम्ही विचारायचो. ते सांगायचे, "बंबईले जाते, तेथून बोटीत कोबीले. तिकडच्या पोरी मंग सूत काढतेत." कोबी म्हणजे भाजी, एवढंच आम्हां पोरांना माहीत. ते कोबे नावाचं बंदर आहे आणि त्याला लागून ओसाका नावाचं मोठं शहर आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पुढे तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, पण तो पत्रा कधी वर्गात नेला नाही, याची आता हळहळ वाटते.

गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली ती सांगत आली की मे महिन्यात मुलांना घेऊन जपानला जायचं, ओसाकाला, आणि "आई, तूही चल." नातू नऊ वर्षांचा, नात पाच. ओसाका हे नाव ऐकलं आणि मी आधी त्या पत्र्याकडे बघितलं. मग म्हटलं, येते, पण सहलीचं वेळापत्रक मी करणार.

वेळापत्रकाची पहिली अडचण तारखांची. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो, तेव्हा मुलांच्या परीक्षा. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सुट्ट्यांची रांग लागते. तिला ते सोनेरी आठवडा म्हणतात. त्या दिवसांत तिथली सगळी माणसं घराबाहेर पडतात आणि हॉटेलांचे भाव चढतात. जूनमध्ये तिकडचा पाऊस सुरू होतो. राहिला मेचा मध्य. त्या दिवसांत आमच्या विदर्भात उन्हाने डांबर पातळ झालेलं असतं आणि पुण्यात मुलांच्या शाळांना सुट्टी असते. म्हणजे आमच्यासाठी वेळ अगदी सोईची. योगायोग असा की जिनाचा हंगामही दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपायचा. आजोबांनाही याच दिवसांत सवड असायची. फक्त जायला कुठे नसायचं.

आमच्या लहानपणी सहल म्हणजे मूर्तिजापूर. कारंज्याहून शकुंतला पकडायची. ही अडीच फुटी रुळांची गाडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ, दारव्हा, कारंजा इकडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर नेऊन घालायला ती टाकली. माणसं तिच्यात नंतर बसली, आधी गाठी बसल्या. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं होतं आणि ते 1994 च्या एप्रिलपर्यंत चाललं. मी खिडकीत बसायची, आई पदराने माझ्या डोळ्यांतली कोळशाची कच काढायची. मूर्तिजापूरला उतरलं की हमाल छोट्या डब्यातल्या गाठी आकड्याने ओढून मोठ्या डब्यात भरत असायचे, कारण छोट्या रुळांवरची गाडी मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. आजोबा एकदा तिथे थांबून गाठींवरचे आकडे बघत राहिले. आपल्या हातचा नंबर आहे का, ते शोधत होते. गाडी सुटायची वेळ झाली तरी हलेनात. माझं तेव्हा अर्धं तिकीट होतं.

जपानच्या गाड्यांतही सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे आणि त्याहून लहान मुलाला मोठ्या माणसाबरोबर फुकट नेता येतं. नातवाला हे कळल्यावर त्याने वहीत लिहून ठेवलं: मी अर्धा, ताई शून्य. पाच वर्षांच्या बहिणीला तो ताई म्हणतो, लाडाने.

आता आजोबांच्या 'कोबी'बद्दल. ओसाकात उद्योजक शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने 1882 साली ओसाका बोसेकी ही सूतगिरणी उभी राहिली. दुसऱ्या वर्षी साडेदहा हजार चात्यांवर काम सुरू झालं. ती गिरणी वाफेवर चालायची, आणि रात्रपाळीतही चालायची. पाहता पाहता शहरात धुराडी इतकी वाढली की ओसाकाला पूर्वेचं मँचेस्टर म्हणू लागले. या गिरण्यांना जाडसर सुताला चालेल असा स्वस्त कापूस पाहिजे होता. तो मुंबईच्या बाजारात होता, आणि त्यात मोठा वाटा आमच्या वऱ्हाडाचा. मुंबईत या कापसाला उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, नावावरून 'ऊमरा' म्हणत. पण मुंबई ते जपान माल नेणाऱ्या परदेशी बोट कंपन्या भाडं जबर घ्यायच्या. 1893 साली जमशेटजी टाटा जपानला गेले. टाटा आणि निप्पॉन यूसेन काइशा ही बोट कंपनी यांचा करार झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोबेहून 'हिरोशिमा मारू' मुंबईला निघाली. जुन्या कंपन्यांनी भाडी पाडून ही लाइन बुडवायचा प्रयत्न केला, तरी जपानी गिरण्या आपल्या बोटीला धरून राहिल्या. 1896 साली जपानने कच्च्या कापसावरची आयात जकात काढून टाकली. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला हिंदुस्थानच्या कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक जपानच होतं.

याचा आमच्या शेतावर काय परिणाम झाला, हे मी कितीतरी वर्षं शोधत होते. वऱ्हाडात पूर्वी 'बनी' नावाचा कापूस होता. धागा लांब, मऊ, रेशमासारखा, पण रेच्यातून काढला की रुई कमी उतरायची. 'जरी' कापसाचा धागा आखूड आणि खरखरीत, पण रुई भरपूर. लँकेशायरच्या गिरण्यांना हा आखूड धागा फारसा नको होता. ओसाकाची माणसं मात्र निरनिराळे कापूस मिसळून त्यातून सूत काढण्यात तरबेज झाली होती, त्यांना तो चालला. कास्तकार कोणती पऱ्हाटी लावील? ज्याला दाम मिळतो ती. बनी मागे पडत गेली. माझी आजी लुगड्याचा काठ चिमटीत धरून म्हणायची, असा मऊ कापूस आता पाहायला नाही. ती बनीची आठवण सांगत होती, हे तेव्हा मला समजलं नाही.

आणि दुसऱ्या टोकाला काय झालं? ओसाका शहराच्या पूर्वेला कावाची नावाचा मुलूख आहे. तिथेही शेतकरी कापूस पिकवत, बायका घरी सूत कातून विणत. कावाचीचं सुती कापड नावाजलेलं होतं. बाहेरून स्वस्त कापूस बोटीने येऊ लागला आणि तिथली पऱ्हाटी हळूहळू मोडली. आमच्या धुऱ्यावरून निघालेली बंडी आणि कावाचीतल्या शेतकऱ्याचं मोडलेलं पीक, हे दोन्ही एकाच हिशेबातलं आहे. मुलांना हे सांगायचं की नाही, यावर मुलीचं आणि माझं बोलणं झालं. ती म्हणाली, आई, सुट्टीत कशाला. मी सांगणार आहे.

आजोबांच्या बोलण्यातल्या त्या 'पोरी' खऱ्या होत्या. खेड्यांतून आणलेल्या कोवळ्या मुली गिरण्यांच्या वसतिगृहांत राहायच्या, रात्रपाळी करायच्या. बायकांची रात्रपाळी बंद व्हायला 1929 साल उजाडावं लागलं. होसोई वाकिझो या गिरणी कामगाराने त्यांच्या हालांवर 1925 साली पुस्तक लिहिलं, ते जपानमध्ये अजून वाचतात. इकडे वेचणीला आमच्या बायाच असायच्या, कमरेला ओटी बांधून, आणि त्यांच्या मागे शाळा बुडवून त्यांच्या मुली. माझ्या वर्गातल्या पटावर दिवाळीनंतर महिनाभर मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा असत. बोंडाच्या वाळलेल्या पाकळीचं टोक नखाशेजारी शिरतं. तशी रेघारेघांची बोटं मी फळ्यासमोर कितीतरी पाहिली.

आमच्या घरात एका सालाचा उल्लेख आवाज खाली घेऊन व्हायचा, ते 1933. जपानी कापड इतकं स्वस्त येत होतं की सरकारने त्यावरची जकात 75 टक्क्यांवर नेली. उलट जपानच्या गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस घ्यायचाच नाही, असं ठरवलं. आजी सांगायची, त्या साली जिनाचा भोंगा उशिरा वाजला आणि तिच्या पायातले चांदीचे वाळे गेले ते परत आले नाहीत. 1934 च्या जानेवारीत दोन्ही सरकारांची बोलणी मिटली. जपानने वर्षाला किमान 10 लाख गाठी उचलल्या तर त्यांना 32.5 कोटी वार कापड विकायची मुभा. 15 लाख गाठी उचलल्या तर 40 कोटी वार. दिल्लीत झालेल्या या हिशेबाच्या दोन आकड्यांमध्ये आजीचे वाळे कुठेतरी आहेत, असं मला वाटतं. 1941 साली युद्धाने तो सगळाच व्यवहार तोडला.

पुढचं आमच्या पिढीने पाहिलेलं आहे. 1972 पासून सरकारची एकाधिकार खरेदी, सेंटरवर रात्रभर उभ्या बंड्या, ग्रेडरची वाट, चुकाऱ्याची वाट. मग कापूस हटत गेला आणि सोयाबीन आलं. 1998 च्या 1 जुलैला आमचं वाशीम पुन्हा जिल्हा झालं. पुन्हा म्हणायचं कारण, इंग्रजांच्या काळी तो होताच, 1905 साली मोडला होता. शकुंतलाही आता धावत नाही. रुळांमध्ये बाभळी आल्या आहेत.

तर वेळापत्रक. मुलांसाठी ओसाकाचं मत्स्यालय पहिलं. तिथे देवमाशाएवढा शार्क काचेमागे फिरतो. नातवाला तोक्योहून ओसाकाला शिंकान्सेननेच यायचं आहे. ती गाडी 1964 पासून धावते आणि ते पाचशेच्या वर किलोमीटर अडीच तासांत कापते. म्हणून विमान तोक्योला उतरणारं घेतलं. खाण्याचा घोर मोठा होता. आमच्याकडे मांस-मासे चालत नाहीत, आणि तिथल्या साध्या शेवयांच्या रश्शातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. वाट आमच्या शेजारणीने दाखवली. त्या जैन आहेत. कारंज्यात जैनांची जुनी मंदिरं आणि गुरुकुल आहे. त्यांनी सांगितलं, कोबेत महावीरांचं देऊळ आहे. खरंच आहे, 1985 साली बांधलेलं, कितानो भागात. कापूस, कापड, मोती यांच्या व्यापारासाठी गेलेली आपली माणसं त्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत, म्हणून तिथे आपलं जेवणही मिळतं. ओसाका ते कोबे रेल्वेने तीसेक किलोमीटर, जवळजवळ आमचं कारंजा-मूर्तिजापूर. तो एक दिवस कोबेचा. बंदरावर मुलांना उभं करून मी म्हणणार आहे, ही कोबी.

एक शनिवार मी माझ्यासाठी राखला आहे. ओसाकात होनमाची स्टेशनाजवळ मेन्ग्यो काइकान नावाची इमारत आहे, कापूस धंद्याचं भवन. तोयोबो कंपनीच्या एका संचालकाने मागे ठेवलेल्या दहा लाख येनांच्या देणगीवर ती 1931 साली उभी राहिली. ही तोयोबो म्हणजे त्याच ओसाका बोसेकीचा पुढचा वंश. 1945 च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचं शहर जळालं, ती वाचली. महिन्यातून एका शनिवारी आगाऊ नोंदणी करून आतून पाहता येते. फोटोंत तिचं दालन पाहिलं: उंच छत, फरशांनी मढवलेली भिंत, जड खुर्च्या. गाठींचे भाव ठरवणारी माणसं तिथे बसत असतील. आजोबा 1931 साली तेवीस वर्षांचे होते आणि बोळा फिरवत होते. त्या दालनात त्यांची खापरपणतवंडं दोन मिनिटं तरी बसली पाहिजेत, एवढी माझी इच्छा आहे. पाच वर्षांची मुलगी कंटाळेल, म्हणून तो दिवस सकाळी तिथे आणि दुपारभर बागेत, असा लिहिला आहे.

दिवाळीत मुलं इथे होती तेव्हा भावाच्या शेतात नेलं. सोयाबीन निघालं होतं, दोन एकर पऱ्हाटी उभी होती. पहिल्या वेचणीची सीतादही झाली. दहीभात, हळदकुंकू, आणि झाडाला बांधलेला कापसाचा फुटवा. नातवाने एक बोंड खिशात घातलं, ओसाकाला न्यायला. सरकीसकट बोंड विमानतळावर अडवतील, तिथे बियाण्याचे नियम कडक आहेत, हे त्याला समजावलं. तो हिरमुसला. मग मी पत्रा भिंतीवरून उतरवला.

दोघांच्या सुती पिशव्या ओसरीवर पसरल्या. शाई नव्हती, बुटाचं काळं पॉलिश घेतलं, जुन्या धोतराच्या चिंधीचा बोळा केला. नातवाने पत्रा धरला, मी बोळा फिरवला. अक्षरं नीट उमटली, एका आकड्याचं पोट भरलं तेवढंच. नातीने पत्रा कोणाला धरू दिला नाही. तिने तो उलटा ठेवला, त्यामुळे तिच्या पिशवीवर सगळा नंबर आरशात दिसतो तसा उमटला आहे. पुसून दुसरा काढू म्हटलं तर ती पिशवी छातीशी धरून बसली. तिला तो तसाच हवा आहे.