मराठी संगीतविषयक मुद्रित माध्यमांतील तरुणाई आणि लिंगभाव

संगीतविषयक नियतकालिके, ध्वनिमुद्रिकांची वेष्टने, गाण्यांच्या पुस्तिका आणि नाटक-चित्रपटांच्या जाहिराती यांच्या मांडणीतून तारुण्य, स्त्रीत्व आणि पुरुषत्व यांची विशिष्ट प्रतिमा वाचकापुढे उभी राहते. या प्रतिमेचा अभ्यास माध्यम अभ्यास आणि लिंगभाव अभ्यास या दोन्ही ज्ञानशाखांत केला जातो. महाराष्ट्रात या चित्रणाचा इतिहास संगीत रंगभूमीपर्यंत मागे जातो. मराठी संगीतातील सर्वांत गाजलेली 'तरुण स्त्री' दीर्घकाळ एक पुरुष नट होता, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर, दादासाहेब फाळके आणि 'रसरंग' साप्ताहिक यांच्यामुळे नाशिक शहराचा या विषयाशी संबंध येतो.

संकल्पना

मांडणी म्हणजे केवळ सजावट नव्हे. छायाचित्राची निवड, नजरेची दिशा, हातात वाद्य असणे किंवा नसणे, नावाच्या अक्षरांचा आकार आणि रंगसंगती यांतून कोण कलावंत आहे आणि कोण केवळ पाहण्याचा विषय आहे, हे वाचकाला मजकूर वाचण्यापूर्वीच सुचवले जाते. चित्रांतील पुरुष पाहतो आणि स्त्री पाहिली जाते, अशी मांडणी जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये केली. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७० च्या दशकात जाहिरातींतील स्त्री-पुरुषांच्या देहबोलीचा अभ्यास केला. कललेली मान, वस्तूला हलकेच स्पर्श करणारी बोटे, दूर हरवलेली नजर अशा खुणा स्त्रियांच्या चित्रणात वारंवार येतात, असे त्यांनी दाखवले. अँजेला मॅकरॉबी यांनी १९७८ मध्ये 'जॅकी' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या अभ्यासातून किशोरवयीन मुलींचे विश्व प्रेम, सौंदर्य आणि गायक-ताऱ्यांविषयीचे आकर्षण यांपुरते कसे मर्यादित केले जाते, हे मांडले.

संगीत रंगभूमी आणि स्त्रीप्रतिमा

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये रंगमंचावर आले. त्या काळी प्रतिष्ठित कुटुंबांतील स्त्रियांनी रंगभूमीवर येणे समाजमान्य नसल्याने भाऊराव कोल्हटकरांसारखे गायक नट स्त्रीभूमिका करीत. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी 'मानापमान'मधील भामिनी, 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आणि 'एकच प्याला'मधील सिंधू या भूमिका अजरामर केल्या. स्त्रीवेषातील त्यांची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. त्यांचे लुगडे नेसणे, केशरचना आणि दागिने यांचे अनुकरण मध्यमवर्गीय स्त्रिया करू लागल्या. लिंगभाव जन्मजात नसून शिकला आणि सादर केला जातो, या विचाराचे उदाहरण म्हणून अभ्यासक या प्रतिमेकडे पाहतात. याच काळात प्रत्यक्ष गाणाऱ्या स्त्रीला मात्र प्रतिष्ठेसाठी झगडावे लागत होते.

राजा रविवर्मा यांच्या १८८९ मधील प्रसिद्ध चित्रात ११ स्त्री-संगीतकार एकत्र दिसतात. त्यांच्या मुद्रणालयातील शिळाछाप चित्रांनी देवी आणि पौराणिक नायिकांची ठरावीक रूपे सर्वदूर नेली. पुढे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या काळात मराठी मासिकांच्या व दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर सुंदर तरुणी ही परिचित प्रतिमा झाली. अशा चित्रांत वीणा किंवा तंबोरा आला तरी बहुधा तो व्यवसायाची खूण म्हणून नसून सौंदर्याचा अलंकार म्हणून येतो.

नावे आणि उपाधी

१९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान यांनी गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारले होते. छापील नावामागील उपाधी हाही मांडणीचा महत्त्वाचा घटक होता. 'बाई' आणि 'जान' या उपाधींवरून गायिकेची पार्श्वभूमी ओळखली जाई, तर 'मिस' ही उपाधी नव्या प्रतिष्ठेची व अविवाहित तारुण्याची सूचक ठरली. गायक नटांना 'मास्टर' म्हटले जाई. मास्टर कृष्णराव आणि मास्टर दीनानाथ यांच्या नावांना ती उपाधी प्रौढपणीही चिकटून राहिली. 'बाल', 'छोटा' आणि 'कुमार' या शब्दांनी सुरू होणारी गंधर्व-नामे याच परंपरेतील आहेत. मुलाच्या बाबतीत तारुण्य हे असामान्य प्रतिभेचे लक्षण मानले गेले, तर मुलीच्या बाबतीत ते तिच्या वैवाहिक स्थितीशी जोडले गेले.

नाशिकचा संदर्भ

विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक चालवले. उत्तरायुष्यात त्यांनी नाशिकच्या पंचवटीत आश्रम स्थापन केला. बंदिशींतील शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द योजून संगीत कुटुंबातील मुलामुलींनी शिकण्याजोगे करणे, हा त्यांच्या कार्याचा एक भाग होता. यामुळे मध्यमवर्गीय मुलींना संगीतशिक्षणाची वाट मोकळी झाली. मात्र परंपरेने गाणाऱ्या कलावंत स्त्रिया प्रतिष्ठेच्या या नव्या चौकटीबाहेर राहिल्या, असे मत अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने १९४७ मध्ये 'संगीत कला विहार' हे मासिक सुरू केले.

त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. याउलट 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये फाळके यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. मधल्या काळात 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या.

नाशिकच्या 'गावकरी' समूहाचे 'रसरंग' हे साप्ताहिक पुढे मराठी वाचकांत लोकप्रिय झाले. चित्रपट-इतिहासकार इसाक मुजावर यांचे नाव या साप्ताहिकाशी निगडित आहे. अशा साप्ताहिकांमुळे लहान गावांतील तरुण वाचकांपर्यंत चित्रपट व चित्रपटसंगीताचे जग पोहोचले.

आवाज आणि चेहरा

पार्श्वगायनामुळे आवाज एकीचा आणि चेहरा दुसरीचा अशी विभागणी झाली. 'महल' (१९४९) मधील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून 'कामिनी' हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. लता मंगेशकर तेव्हा विशीत होत्या. चित्रपट नियतकालिकांच्या मुखपृष्ठावर नायिकेचा चेहरा येई आणि गायिकेचे नाव आतील पानांत राही. श्रेयनामाची मागणी ही म्हणूनच केवळ मानापुरती नव्हती. तिचा संबंध व्यावसायिक ओळखीशी आणि मोबदल्याशी होता.

रॉक संगीताची नियतकालिके

अमेरिकेत 'रोलिंग स्टोन' १९६७ मध्ये आणि ब्रिटनमध्ये 'स्मॅश हिट्स' १९७८ मध्ये सुरू झाले. पहिल्याने संगीत हा गंभीर चर्चेचा विषय मानला, तर दुसऱ्याने गाण्यांचे शब्द, भडक रंग आणि भित्तिचित्रे यांतून किशोरवयीन वाचकवर्ग मिळवला. भारतात 'रॉक स्ट्रीट जर्नल' १९९३ मध्ये आणि 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये निघाली. गिटार वाजवणारा तरुण हे रॉकचे रूढ चिन्ह असल्याने वादक तरुणी अशा मांडणीत अपवाद म्हणून सादर होण्याची शक्यता असते. 'महिला विशेषांक' हा उपाय तिला जागा देतो, पण तिचे अपवाद असणेही अधोरेखित करतो.

विश्लेषणाची पद्धत

मुखपृष्ठाचे विश्लेषण करताना पुढील प्रश्न उपयुक्त ठरतात: चित्रातील व्यक्ती गात किंवा वाजवत आहे का? ती वाचकाकडे पाहते की अन्यत्र? शीर्षकात तिच्या कलेचा उल्लेख आहे की रूपाचा? वय कोणाच्या बाबतीत सांगितले जाते? वर्षभरातील अंकांत स्त्री व पुरुष कलावंतांची संख्या किती? एका अंकावरून निष्कर्ष काढण्याऐवजी सलग अंकांची तुलना अधिक विश्वसनीय ठरते.

या अभ्यासातील एक अडचण जतनाशी संबंधित आहे. जुन्या नियतकालिकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची प्रथा अनेक ग्रंथालयांत होती. त्यामुळे मजकूर टिकला, तरी तो वाचकांपुढे कोणत्या चेहऱ्यासह आला होता याचा पुरावा बऱ्याच ठिकाणी नष्ट झाला आहे.