सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे पदवीधर कलावंत

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे पदवीधर कलावंत म्हणजे मुंबईतील सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेत (स्थापना : १८५७) चित्रकला, शिल्पकला किंवा उपयोजित कला यांचे शिक्षण घेऊन पुढे कलेच्या क्षेत्रात काम करणारे कलावंत. संस्थेत दीर्घकाळ पदवी नव्हे तर पदविका दिली जात असे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न पदवी अभ्यासक्रम १९८१ नंतरचा. म्हणून या लेखात ‘पदवीधर’ हा शब्द पदविकाधारकांनाही लावला आहे. संस्थेच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात केवळ स्वतःची चित्रे किंवा शिल्पे विकून चरितार्थ चालविणाऱ्यांची संख्या नेहमीच मर्यादित राहिली. शासकीय कामे, शाळांतील रेखाकला शिक्षकाची नोकरी, मासिकांची सजावट, जाहिरात, चित्रपट, हातमाग आणि पुरातत्त्व या क्षेत्रांनी त्यांना पोसले, आणि त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा भागही याच क्षेत्रांत घडला. कलेतिहासात मात्र या भागाची नोंद कलादालनांतील प्रदर्शनांच्या मानाने फारच त्रोटक आढळते.

पार्श्वभूमी

सर जमशेदजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही कलाशाळा सुरू झाली. स्वतंत्र चित्रकार घडविणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. देशी कारागिरांना रेखांकनाचे शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावे, त्यातून उद्योगांना व इमारतींना उपयोगी पडणारे कुशल हात तयार व्हावेत, अशी कल्पना होती. १८६६ मध्ये उघडलेल्या कार्यशाळांचे विषयच ते सांगतात : सजावटीची रंगकला, मूर्तिघडण आणि नक्षीदार लोहकाम. लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक १८६५ मध्ये रुजू झाले. त्यानंतर मुंबईत उभ्या राहिलेल्या सार्वजनिक इमारतींवर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळू लागले. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) या स्थानकावरील पाने, फुले, पशुपक्षी यांचे कोरीवकाम बरेचसे याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे आहे. इमारतीबरोबर वास्तुशास्त्रज्ञ एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे नाव राहिले. दगडावर छिन्नी चालविणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांची नावे आज सामान्य वाचकाला ठाऊक आहेत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

दुसरे मोठे काम अजिंठ्याचे. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थी लेण्यांत जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) हे त्यांतील एक प्रमुख. लंडनला पाठविलेल्या यांतील अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये तेथील आगीत नष्ट झाल्या. तरीही या कामाने विद्यार्थ्यांच्या एका पिढीला वेतन दिले आणि भारतीय रेषेचा परिचयही करून दिला. पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षणात तो एरवी झाला नसता.

व्यक्तिचित्रे, संस्थानिक आणि पदके

१८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली आणि वार्षिक प्रदर्शनातील पदक ही तरुण कलावंताची ओळख ठरू लागली. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांना १८९५ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून कलाशाळेत आले, तेथेच शिक्षक झाले आणि निवृत्तीपूर्वी काही काळ संस्थेचे प्रभारी संचालकही होते. शिक्षकाच्या पगाराबरोबर त्यांनी पुस्तकांतील चित्रे, पोस्टकार्डे, रेल्वेची भित्तिपत्रके अशी असंख्य कामे केली. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन त्या काळातील कलावंताचे अर्थकारण समजून घेण्यास फार उपयोगी आहे.

शिल्पकारांची स्थिती वेगळी होती. दगड, प्लास्टर, ओतकाम यांचा खर्च आधी करावा लागे, त्यामुळे मागणी आल्याशिवाय मोठे काम हाती घेणे परवडत नसे. गणपत काशिनाथ म्हात्रे (१८७६–१९४७) यांनी विद्यार्थिदशेत १८९६ मध्ये घडविलेले ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प गाजले. पुढील आयुष्यात त्यांना जी कामे मिळाली ती मुख्यतः राजेरजवाडे आणि प्रतिष्ठितांच्या पुतळ्यांची होती. ‘मंदिरपथगामिनी’तील कोवळीक त्या पुतळ्यांत शोधणाऱ्याची निराशा होते. त्याचा दोष कलावंताला देण्यापेक्षा मागणीच्या स्वरूपाला देणे अधिक न्याय्य ठरेल. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनी पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये साकारला, आणि त्याच वेळी अलिबागजवळच्या सासवणे येथील घरी गावातील माणसे, गुरे, कोळिणी यांची शिल्पे कोणाच्याही मागणीविना घडवीत राहिले. हे घर आज शिल्पालय म्हणून पाहता येते. बाळाजी वसंत तालीम (१८८८–१९७०) यांचा शिर्डी येथील साईबाबांचा संगमरवरी पुतळा १९५४ मध्ये स्थापन झाला. रोज हजारो लोक ज्या शिल्पासमोर उभे राहतात, त्याच्या शिल्पकाराचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या वाट्यालाही असाच अनुभव आला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हाती दिवा घेतलेल्या तरुणीचे त्यांचे जलरंगचित्र अनेक वर्षे राजा रविवर्म्याचे म्हणून सांगितले जाई. हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. पदविकाधारकाने खासगी वर्ग चालवून चरितार्थ चालविण्याची जी प्रथा पुढे रूढ झाली, तिचे हे ठळक उदाहरण होय.

रेखाकला शिक्षक

कलाशिक्षण घेतलेल्यांना सर्वाधिक ठिकाणी सामावून घेतले ते माध्यमिक शाळांनी. गावोगावच्या शाळांत ‘ड्रॉइंग मास्तर’ हे पद निर्माण झाले, ते मुख्यतः एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे. या परीक्षा कलाशाळेच्या आणि पुढे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाच्या अखत्यारीत राहिल्या. तालुक्याच्या गावी स्नेहसंमेलनाचा पडदा, गणेशोत्सवाची आरास, दुकानाची पाटी आणि पुढाऱ्याचे तैलचित्र हे सारे एकाच माणसाकडून होत असे, आणि तो बहुधा शाळेचा चित्रकला शिक्षक असे. पुढे नाव मिळविलेल्या कितीतरी चित्रकारांना पहिली दिशा अशाच शिक्षकांनी दाखविली आहे. परंतु त्यांच्यावर स्वतंत्र नोंदी जवळजवळ नाहीत.

अलीकडे हे क्षेत्र आक्रसले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तर कलाशिक्षणासाठी ‘अंशकालीन निदेशक’ असावा, अशी तरतूद आहे. म्हणजे कायद्याने या विषयाला स्थान दिले खरे, पण पूर्णवेळ शिक्षकाचे नव्हे.

मासिके, जाहिरात आणि अक्षरे

१९३५ मध्ये कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. त्याचेच पुढे उपयोजित कलेच्या स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) हे गोव्यातून आलेले चित्रकार याच सुमारास पदविका घेऊन बाहेर पडले. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा वार्षिक अंक काढला. दलालांची मुखपृष्ठे आणि कथाचित्रे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत ज्या संख्येने पोहोचली, त्या संख्येने कोणत्याही कलादालनातील चित्र पोहोचले नाही. समीक्षकांनी त्यांना दीर्घकाळ ‘सजावटकार’ या शब्दात बंद करून ठेवले, हे योग्य झाले असे म्हणता येणार नाही.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे क्षेत्र अक्षरांचे. जाहिरात संस्थेतील नोकरी आणि पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अध्यापन यांबरोबर त्यांनी देवनागरीच्या वळणांचा अभ्यास केला. संगणकावर वर्षानुवर्षे असंख्य लोकांनी वापरलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या कामातून आला. प्रस्तुत लेखाचा वाचकही तो टंक कधी ना कधी वाचून गेला असण्याची शक्यता मोठी आहे.

वस्त्रे, वेशभूषा, छायाचित्रे, लेणी

स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाने उभारलेल्या विणकर सेवा केंद्रांनी चित्रकारांना वस्त्रसंकल्पनाच्या कामासाठी नोकरीत घेतले. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी अशा केंद्रात सुमारे दोन दशके काम केले. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे वाराणसीत राहिले असता त्यांचा तांत्रिक प्रतिमासृष्टीशी परिचय झाला आणि त्याचा ठसा त्यांच्या चित्रांवर उमटला. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक मराठीतील कलाविचाराच्या मोजक्या मौलिक ग्रंथांपैकी एक मानले जाते. येथे पोटासाठीची नोकरी आणि चित्रनिर्मिती या एकमेकींच्या आड आल्या नाहीत; उलट पहिलीने दुसरीला खाद्य पुरविले.

कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया (पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये, १९२९–२०२०) यांनी कलाशाळेत सुवर्णपदक मिळविले होते आणि १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रेही होती. ‘ईव्ह्ज वीकली’ या नियतकालिकासाठी पोशाखांची रेखाचित्रे काढता काढता त्या चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ‘लेकिन’ आणि ‘लगान’ यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले. चित्रकलेचा मार्ग सोडल्याबद्दल त्यांच्यावर हळहळणारे लिखाण आढळते, परंतु स्त्री-कलावंताला त्या काळी चित्रविक्रीतून स्थिर उत्पन्न मिळण्याची शक्यता किती होती, याचा विचार त्यात दिसत नाही. अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद यांच्यासारख्या आधीच्या पिढीतील स्त्रियांना तर चित्रकार पित्याच्या घराचा आधार होता. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी याच संस्थेत शिकून कॅमेरा हाती घेतला आणि त्या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार झाल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ मध्ये जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी पदविकेनंतर काही वर्षे पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळ येथील शिल्पांच्या डागडुजीचे काम केले आणि नंतर दिल्लीत नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. गुजरातमधील १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा (२०१८) त्यांच्या संकल्पनेचा.

प्रागतिक पिढी

१९४७ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपचा उल्लेख कलाशाळेचे यश म्हणून नेहमी होतो. त्यात थोडी दुरुस्ती हवी. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना संस्थेने १९४५ मध्ये काढून टाकले होते. कृष्णाजी हौळाजी आरा यांच्याकडे पदविका नव्हती. मकबूल फिदा हुसेन चित्रपटांचे फलक रंगवून वर आले होते. सय्यद हैदर रझा आणि सदानंद बाकरे हे मात्र संस्थेचे विद्यार्थी. या सर्वांना पहिले ग्राहक व मार्गदर्शक लाभले ते युरोपातून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंजर. पुढे होमी भाभा यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, तसेच एअर इंडियाने चित्रे विकत घेतली. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन सुरू झाल्यावर मुंबईत हक्काची प्रदर्शनाची जागा झाली.

रझा १९५० मध्ये फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि १९५६ मध्ये तेथील समीक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. लक्ष्मण पै (१९२६–२०२१) हेही पॅरिसला दहा वर्षे राहून परतले व नंतर पणजीच्या गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बाकरे लंडनला गेले. परतल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै-मुरूड परिसरात एकांतात काढले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा समूहातील सहकाऱ्यांची चित्रे कोटींच्या घरात विकली जात होती.

चित्रांची किंमत आणि चित्रकाराचा वाटा

वासुदेव सं. गायतोंडे (१९२४–२००१) यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. वर्षाला मोजकी चित्रे काढणारा हा चित्रकार दिल्लीत अत्यंत साधेपणाने राहिला. २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. तय्यब मेहता (१९२५–२००९) यांचे ‘महिषासुर’ हे चित्र २००५ मध्ये दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. तेव्हा मेहता हयात होते. पण चित्र आधीच दुसऱ्याच्या मालकीचे असल्याने ती रक्कम विकणाऱ्याची.

या विषमतेवर कायद्यात एक उपाय आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यातील कलम ५३-अ (१९९४ च्या दुरुस्तीने समाविष्ट) नुसार दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकल्या गेलेल्या मूळ चित्र, शिल्प वा रेखाटनाच्या किमतीत कलावंताला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. त्यासाठी चित्र कोणाकडून कोणाकडे गेले हे कलावंताला कळायला हवे. खासगी व्यवहारांत ते क्वचितच कळते.