पिशवी जरा लवकर काढली

गेल्या पावसाळ्यात मी अक्कलदाढ काढून घेतली. इंजेक्शननंतर दहा मिनिटांत जबडा माझा राहिलाच नाही. खुर्चीत पडल्या पडल्या मला हम्फ्री डेव्ही आठवला. त्याचीही अक्कलदाढच दुखत होती.

साल १७९९. वायू हुंगून रोग बरे होतात का, हे तपासणाऱ्या ब्रिस्टलच्या एका संस्थेत २० वर्षांचा डेव्ही काम करत होता. नायट्रस ऑक्साइड तयार करायचा, रेशमी पिशवीत भरायचा आणि स्वतःच ओढायचा. थोडे श्वास घेतले की अंगभर मुंग्या आणि विनाकारण हसू. कोलरिज, साउदी हे त्याचे कवीमित्रही पिशवी तोंडाला लावून गेले. लाफिंग गॅस तो हाच.

पण २६ डिसेंबरला डेव्ही एका बंद पेटीत तासाहून जास्त वेळ बसला. आत थोड्या थोड्या वेळाने २०-२० क्वार्ट गॅस सोडला जात होता. बाहेर आल्यावर त्याने पिशवीतून आणखी २० क्वार्ट ओढला. आता भोवतालच्या वस्तूंशी नातंच तुटलं. जगात विचारांखेरीज काही नाही, असं त्याला वाटलं. शरीर आणि जाणीव यांची अशी ताटातूट करणाऱ्या औषधांना आज डिसोसिएटिव्ह म्हणतात. केटामाइनही त्यातलंच.

गॅस ओढला की हिरडीचा ठणका थांबतो, उतरला की परत येतो, हे डेव्हीने पाहिलं होतं. फार रक्त न जाणाऱ्या शस्त्रक्रियांत हा गॅस वापरता येईल, असं त्याने १८०० च्या पुस्तकात लिहिलंही. पुढची ४४ वर्षं ते वाक्य तसंच पडून राहिलं आणि माणसांचे पाय ती जागी असतानाच कापले जात राहिले. मला वाटतं, बहुतेकांना हा गॅस मौजेच्या मात्रेतच भेटला, म्हणून. तिकीट काढून ज्याला हसताना बघितलं, त्याच्यात औषध कोण शोधणार?

१० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये कोल्टन नावाच्या माणसाचा असाच खेळ होता. गॅस ओढून उड्या मारणाऱ्या एकाची नडगी फुटली, तरी त्याला पत्ता नव्हता. प्रेक्षकांतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने ते हेरलं. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनकडून गॅस घेऊन स्वतःची दाढ उपटून घेतली.

जानेवारीत तो बॉस्टनच्या विद्यार्थ्यांपुढे उभा राहिला आणि त्याने पिशवी जरा लवकर काढली. रोगी ओरडला, सभागृहात हुर्यो उडाली. फारसं दुखलं नाही, असं तो रोगी नंतर म्हणाला. पण ऐकायला कोण थांबलं होतं!

चूक वेल्सची होती, पण गॅसही फसवा. तो इतका सौम्य की नुसत्या त्याच्यावर माणूस गाढ झोपवायचा तर छातीत शंभर टक्के गॅस भरला तरी पुरत नाही. तेव्हाची ती झोप अर्धी गुदमरल्याचीच असायची. पिशवी किती मोठी, तोंडावर घट्ट बसली का, किती वेळ, यावर सगळं ठरायचं. त्यात ऑक्सिजन मिसळायची कल्पना शिकागोच्या एडमंड अँड्र्यूजने १८६८ मध्ये मांडली.

१८४६ मध्ये बॉस्टनलाच मॉर्टनने इथर वापरून दाखवलं आणि टाळ्या त्याला मिळाल्या. वेल्स मग क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करत सुटला आणि १८४८ मध्ये न्यू यॉर्कच्या तुरुंगात त्याने जीव दिला. वय ३३. १८६३ पासून हा गॅस दातांच्या दवाखान्यांत पुन्हा आणला, तो खेळवाल्या कोल्टननेच.