डूख

डूख (नाम, पुल्लिंग) : लहानसा अपमान, किरकोळ तोटा किंवा कधीतरी डावलले गेल्याची बोच मनात जपून ठेवणे आणि सवड साधून तिचे उट्टे काढणे, ही वृत्ती. राग येतो, संताप होतो. डूख मात्र ‘धरला’ जातो. तो धरणाऱ्याच्या मुठीत असतो आणि मूठ उघडताही येते, हे मराठीने क्रियापदातच सांगून ठेवले आहे. प्रस्तुत नोंद या वृत्तीच्या विकृत टोकाविषयी आहे. तिथे कारण चिमूटभर असते आणि त्यासाठी रचलेला डाव महिनोन्महिने चालतो.

शेजारचे शब्द ताडून पाहिले की डुखाची जागा नेमकी कळते. अढी बसलेला माणूस फार तर लग्नाची पत्रिका देत नाही. आकस कामात उतरतो. कारकुनाच्या मनात आकस असला की आपली फाइल ढिगात तळाला जाते. खुन्नस उघडी असते, डोळ्यांत दिसते. हाडवैर वारशाने मिळते. डोक्यात राख घालून घेणारा तासाभरात शांत होतो आणि पुष्कळदा ओशाळतो. डूख धरणारा यांतले काहीच करत नाही. तो हसून नमस्कार करतो, चहा घेतो, बारशाला येतो. वैर आणि कोर्टातला खटला या दोहोंना मराठीत ‘दावा’ हा एकच शब्द आहे, तोही इथे विसरू नये. डुखाचा बराचसा प्रवास कोर्टाच्या वाटेनेच होतो.

साप आणि उत्तंक

लोकसमजुतीप्रमाणे डूख धरणारा मूळ प्राणी म्हणजे साप. अर्धवट मारलेला साप घर ओळखून परत येतो, वर्षांनंतरही दंश करतो, असे गावोगाव सांगतात. १९७६च्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटाचे सगळे कथानक याच समजुतीवर उभे होते. साप माणसाचा चेहरा लक्षात ठेवून पाठलाग करतो याला काहीही आधार नाही, हे सर्पमित्र सांगून थकले आहेत. नागपंचमीच्या कहाणीतली नागीण तरी निदान मोठ्या कारणाने चिडते. शेतकऱ्याच्या नांगराखाली तिची पिल्ले मेलेली असतात. तरीही त्याच्या लेकीने केलेली पूजा पाहून ती विरघळते आणि मेलेल्यांना उठवते. खरा डूख पाहायचा तर महाभारताच्या आदिपर्वात माणसांकडेच पाहावे लागते.

उत्तंक हा गुरुपत्नीसाठी पौष्य राजाच्या राणीची कुंडले घेऊन निघालेला शिष्य. वाटेत तक्षक नाग ती कुंडले पळवतो. उत्तंक नागलोकापर्यंत पाठलाग करतो, कुंडले परत मिळवतो आणि ठरल्या वेळेत गुरुपत्नीच्या हाती ठेवतो. म्हणजे त्याचे नुकसान शून्य, गुरुदक्षिणाही फिटली. इथे गोष्ट संपायला हवी होती. उत्तंक मात्र तिथून तडक हस्तिनापूर गाठतो आणि जनमेजयाला आठवण देतो, की तुझ्या बापाला, परीक्षिताला, याच तक्षकाने मारले. राजाच्या मोठ्या दुःखाला आपला छोटा डूख बांधून तो सर्पसत्र पेटवून देतो. एका तक्षकासाठी सबंध नागकुळे अग्नीत पडू लागतात. आस्तीक येऊन ते सत्र थांबवतो तेव्हा तक्षक वाचलेलाच असतो. याच सत्रात वैशंपायनाने जनमेजयाला महाभारत सांगितले.

दुसऱ्याच्या रास्त रागाच्या आड आपला हिशेब चुकता करण्याची ही उत्तंकी रीत आजही चालू आहे. सोसायटीच्या सभेत ‘सर्वांच्या हितासाठी’ उठणाऱ्या प्रत्येक आवाजामागे उत्तंक नसतो, पण असतो तेव्हा तो हेच शब्द वापरतो.

मानसशास्त्रीय विचार

डूख धरणे हा स्वतंत्र रोग नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात पॅरानॉइड, म्हणजे संशयग्रस्त, व्यक्तिमत्त्वविकृतीची सात लक्षणे दिली आहेत आणि त्यांपैकी चार असल्यास निदान करता येते. अपमान, इजा किंवा उपेक्षा कधीच माफ न करणे, मनात कायम धरून ठेवणे, हे त्या सातांपैकी एक. दुसरे लक्षण त्याहून बोलके आहे : इतरांना जिथे काहीच दिसत नाही तिथे आपल्या अब्रूवर हल्ला झाल्याचे दिसणे आणि लगेच उलट वार करणे.

हाइन्झ कोहुट या मनोविश्लेषकाने १९७२ मध्ये आत्मप्रेमातून उसळणाऱ्या संतापावर निबंध लिहिला. साधा राग अडथळा दूर झाला की शमतो. या संतापाला मात्र अडथळा हटवून भागत नाही, अपमान करणाऱ्याचे अस्तित्वच पुसायचे असते, हा त्याचा मुद्दा. उदाहरण म्हणून त्याने हाइनरिख फॉन क्लाइस्टच्या १८१०च्या कादंबरिकेतला मिखाएल कोलहास घेतला. हा नायक ज्याच्यावरून बेतला तो हान्स कोलहाझे खरा होऊन गेलेला व्यापारी. १५३२ मध्ये लाइपझिगच्या जत्रेला जाताना एका सरदाराच्या माणसांनी त्याचे दोन घोडे अडवून ठेवले आणि सोडवायला गेला तेव्हा चाऱ्याचे पैसे मागितले. दाद मिळेना म्हणून त्याने सॅक्सनीविरुद्ध उघड वैर पुकारले. जाळपोळ आणि लूट वर्षानुवर्षे चालली. स्वतः मार्टिन ल्यूथरने पत्र लिहून त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. १५४० मध्ये बर्लिनला त्याला देहदंड झाला. घोडे त्याचेच होते आणि अन्याय खराच होता, म्हणूनच हे उदाहरण गैरसोयीचे आहे. डूख खोट्या तक्रारीवर पोसतो तसाच खऱ्या तक्रारीवरही पोसतो.

सूड गोड लागतो का, याचीही प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे. झुरिकच्या संशोधकांनी २००४ मध्ये विश्वासघात करणाऱ्या खेळाडूला दंड करणाऱ्यांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा बक्षीस मिळताना जो भाग जागा होतो तोच जागा झालेला दिसला. २००८च्या एका अमेरिकन अभ्यासात पुढची बाजू दिसली. बदला घेतलेल्यांना आपल्याला बरे वाटेल अशी खात्री होती. प्रत्यक्षात ते बदला न घेतलेल्यांपेक्षा अधिक खिन्न राहिले, कारण तो प्रसंग त्यांच्या मनात घोळतच राहिला. या दोहोंत विरोध नाही. गोडी डाव रचण्यात आहे, डाव संपल्यावर ती उरत नाही.

मनोविकार असलेली बहुसंख्य माणसे कोणाच्या वाटेला जात नाहीत आणि डूख धरणाऱ्या बहुतेकांना कसलाही मनोविकार नसतो, हे इथेच नोंदवलेले बरे. पुढील दोन प्रकरणांत शिक्षा झालेले तिघेही शिकलेसवरलेले होते आणि दोन्हींत न्यायालयांनी त्यांना त्यांच्या कृत्यांबद्दल जबाबदार धरले.

‘स्लो’ : अर्व्हाइन, कॅलिफोर्निया

फेब्रुवारी २०१०. प्राथमिक शाळेत शाळा सुटल्यावरच्या वर्गांची देखरेख करणाऱ्या एका स्वयंसेविकेने, सहा वर्षांचा एक मुलगा रांगेत यायला मागे राहिला, ‘स्लो’ होता, असे त्याच्या आईला सांगितले. आईने ऐकले ते ‘मंदबुद्धी’. आई वकील, वडील वकील, दोघेही नामांकित विद्यापीठांतून शिकलेले. स्वयंसेविकेला शाळेतून काढावे म्हणून वर्षभर शाळेकडे तक्रारी, पोलिसांकडे तक्रार, न्यायालयात अर्ज, दावा असे सगळे झाले आणि त्यातून काही निघाले नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये दुपारी पोलिसांना फोन आला : एक बाई गाडी वेडीवाकडी चालवते आहे आणि तिने अमली पदार्थांची पिशवी सीटमागे ठेवताना मी पाहिले. नाव विचारल्यावर फोन करणाऱ्याने भारतीय नाव सांगितले आणि ते पटावे म्हणून मध्येच उच्चारही भारतीय केले. शाळेच्या वाहनतळावर स्वयंसेविकेच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागे खरोखरच गांजा, चिलीम आणि वेदनाशामक गोळ्या सापडल्या. ती रडत होती, मुले-पालक बघत होते, पोलीस दोन तास प्रश्न विचारत होते.

तिला वाचवले ते डावातल्या जादा तपशिलानेच. वाटेवरून जाणारा माणूस इतके अचूक पाहत नाही. फोन एका हॉटेलातून केलेला निघाला. आदल्या रात्री वडिलांचा मोबाइल तिच्या घराच्या परिसरात असल्याचे कंपनीच्या नोंदींत दिसले आणि पिशवीतल्या वस्तूंवर त्यांचा डीएनए मिळाला. दोघेही दोषी ठरले, दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१६ मध्ये ज्यूरीने त्या स्वयंसेविकेला ५७ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. भारतीय नाव कशाला निवडले असावे, यावर इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

लग्नाचा आहेर : पाटणागड, ओडिशा

२३ फेब्रुवारी २०१८ रोजी, लग्नाला पाच दिवस झालेल्या जोडप्याच्या घरी आहेराचे पार्सल आले. स्वयंपाकघरात ते उघडताना स्फोट झाला. २६ वर्षांचा नवरा आणि त्याची ८५ वर्षांची आजेआत्या मेली, नवरी जबर भाजली. या घराशी कोणाचे वैर आहे हे कुणालाच सांगता येईना, कारण सांगण्यासारखे वैर नव्हतेच. नवऱ्याची आई महाविद्यालयात प्राध्यापक होती आणि तिला प्राचार्यपद मिळाले होते. ते पद ज्याच्याकडून गेले त्या इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या मनातून ते गेले नाही.

त्याने दिवाळीत फटाके साठवून त्यांतली दारू काढली. फोन घरीच ठेवून तो २०० किलोमीटरहून दूर रायपूरला गेला आणि तिथून खोट्या नावाने कुरियर केले. पोलीस हात चोळत बसले होते. मग जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना निनावी पत्र आले. तपास भलतीकडे नेण्यासाठी लिहिलेल्या त्या पत्रात एक दुरुस्ती होती : पार्सल पाठवणाऱ्याचे नाव आर. के. शर्मा नव्हते, एस. के. सिन्हा होते. तपासणाऱ्यांनी कुरियरची पावती पुन्हा पाहिली. हस्ताक्षर घाईचे होते आणि नाव खरोखर सिन्हाच होते. हे पाठवणाऱ्यावाचून कोणाला कळणार? मजकुराची धाटणी मुलाच्या आईलाही ओळखीची वाटली. मे २०२५ मध्ये न्यायालयाने त्या प्राध्यापकाला जन्मठेप सुनावली.

जन्मभर पेपर तपासलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक तशीच सोडवली नाही. डूख धरणारा पकडला जातो तो बहुधा निष्काळजीपणामुळे नव्हे, तर नको इतक्या काळजीमुळे. कोणी आपल्याला चुकीचे वाचावे हे त्याला सहन होत नाही. मूळ डूख तरी दुसरा कशाचा असतो?

शिवारातला डूख

महाराष्ट्रात या वृत्तीची ठरलेली जागा म्हणजे बांध. दर वर्षी नांगराचे एक तास पलीकडे सरकवून बांध कोरला जातो; गेलेली जमीन वितीने मोजावी इतकी, आणि मोजणीचा खर्च तिच्या किमतीहून जास्त. मग एका सकाळी कडब्याची गंजी पेटलेली दिसते, किंवा द्राक्षाच्या वेली बुंध्याशी कापलेल्या. कापलेला वेल लगेच कळत नाही. पानांतला ओलावा टिकून असतो, घड लटकलेले असतात; ऊन चढले की एकेका ओळीची पाने माना टाकतात, तेव्हा बागाईतदार खाली वाकून बघतो. वर्तमानपत्रात बातमी येते, ‘अज्ञात माथेफिरूने बाग छाटली’. हा शब्द साफ चुकीचा आहे. माथे फिरलेला माणूस औषध-फवारणीचा सगळा खर्च होऊन माल तोडणीला येईपर्यंत थांबत नाही.

कायदा

खोटी माहिती देऊन सरकारी अधिकाऱ्याला दुसऱ्याच्या मागे लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली, आणि कोणावर जाणूनबुजून खोटा आरोप करणे हा कलम २४८ खाली गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत हीच कलमे १८२ आणि २११ होती. निनावी अर्जांवर कारवाई करू नये, असे केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये बजावले. निनावी अर्ज त्याआधी येत होते आणि नंतरही येतात.

दाव्यामागून दावे लावणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७१चा स्वतंत्र कायदा आहे. एखादा माणूस केवळ छळण्यासाठी, सवयीने खटले भरतो असे महाधिवक्त्यांच्या अर्जावरून उच्च न्यायालयाला पटले, तर त्याला पुढे न्यायालयाच्या परवानगीवाचून दिवाणी वा फौजदारी खटला दाखल करता येत नाही. आदेशापूर्वी त्या माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. ती संधी तो सहसा वाया घालवत नाही. तारखेला वेळेआधी हजर असतो आणि कागदपत्रे तारीखवार लावलेली असतात.